न उडालेल्या विमानातला आठ

अन्याय झाला तो माझ्या मामूंवर. कधी झाला तेही सांगून टाकतो, म्हणजे "असं काही घडलंच नव्हतं" म्हणायची सोय कोणाला राहायला नको. १९६१ साल, रमजान ईदनंतरचा दुसरा गुरुवार, दुपारचे चार. दोह्यातल्या एका ठेकेदार कंपनीचं नवं ड्रॉइंग ऑफिस, आणि ऑफिस भरून माणसं. साहेबाने एक विनोद सांगितला, माणसं हसली, आणि शनिवारी सकाळी मामूंच्या टेबलावर चिठ्ठी आली: यापुढे त्यांनी कुठल्याही नकाशावर आकडे घालायचे नाहीत.

रेघा ओढा, आकडे नकोत. अठरा वर्षं ट्रेसरचं काम केलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिंप्याला सांगणं की कापड हातात घे, पण कात्रीला शिवू नकोस.

साहेबाचं नाव मी लिहीत नाही. कंपनीचंही नाही. मामूंनी तशी कसम घातली आहे आणि तेवढीच एक मी पाळतोय. मुंबईत दोन वर्षं मी युनियनची पत्रकं लिहीत होतो. तिथली शिकवण अशी की ज्याने केलं त्याचं नाव पहिल्या ओळीत, ठळक टाइपात. ती ओळ इथे कोरी आहे.

आमचे मामू रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. ट्रेसर म्हणजे काय ते आधी सांगतो. इंजिनियर कागदावर पेन्सिलीने नकाशा काढतो. त्यावर मेणकापडासारखं दिसणारं पातळ, निळसर, खळ दिलेलं कापड पसरायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची, प्रत्येक आकड्यासकट. पाण्याचा एक थेंब पडला तरी खळ विरघळते आणि तिथे कायमचा पांढरा डाग पडतो. दोह्याच्या उन्हाळ्यात, पंखा लावला तर कापड उडतं आणि नाही लावला तर माणूस वितळतो, अशा खोलीत मामू मनगटाखाली टिपकागद आणि कपाळाला रुमाल बांधून बसायचे. लांब रेघ असली की श्वास धरायचे. मी १९५९ साली टायपिस्ट म्हणून त्याच ऑफिसात लागलो तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, मामूंना काहीतरी होतंय. रेघ संपली, त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "काय बघतंस? जा, टाइप कर."

साहेबाची आणि त्यांची ओळख लढाईतली. तेव्हा मामू हिंदुस्तानात, दक्षिणेकडच्या एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यात होते आणि साहेब तिथेच तरुण इंजिनियर होता. त्याच्या डोक्यात एक विमान होतं. ब्रह्मदेशच्या जंगलावरून अगदी खाली उडायचं, झाडांच्या शेंड्यांना पोट घासेल इतकं, आणि खालच्या ट्रकांवर, होड्यांवर, खंदकांवर मारा करायचा. बंदुका नाकात, किंचित खाली वळवलेल्या. आणि पायलटभोवती चिलखती पत्र्याची एक टोपलीच, कारण इतक्या खाली उडणाऱ्याला खालचा प्रत्येक शिपाई गोळी घालणार. विमानाला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. मामूंनी त्याची सगळी पानं शाईत उतरवली. पंख, शेपटी, पायलटची खुर्ची, अगदी खुर्चीखालचा बोल्टसुद्धा.

मग वरून दोन ओळींचं पत्र आलं. जे इंजिन धरून विमान आखलं होतं ते मिळणार नाही, सबब फाइल बंद. बस. विमान कागदावर जन्मलं आणि कागदावर मेलं. पानांवर लाल पेन्सिलीच्या फुल्या पडल्या आणि कापड रद्दी म्हणून कामगारांना वाटून टाकलं. ते चांगलं सुती कापड असतं. गरम पाण्यात घालून चोळलं की खळ जाते, शाई जाते, आणि हातात मलमल उरते. मामूंनी एक गठ्ठा आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या अम्मीला पाठवला. त्याच साली माझा धाकटा भाऊ जन्मला. अम्मी सांगते, डावा पंख त्याच्या दोन झबल्यांत गेला.

ते विमान झालं नाही याचं मला सुतक नाही. साफ सांगतो. ते माणसं मारायचं यंत्र होतं आणि ज्यांना मारणार ते आपल्यासारखेच कोणाचे तरी भाचे, मामू. हे मी मामूंना एकदा तोंडावर म्हणालो होतो. आम्ही विमानतळाकडच्या मोकळ्या माळावर उभे होतो आणि एक विमान उतरत होतं. मामू प्रत्येक विमानाकडे मान वर करून बघायचे.

"मामू, तुमचं ते विमान झालं असतं तर किती माणसं मेली असती, कधी हिशेब केलात?"

"मशीन मारत असंल," ते म्हणाले. "रेघ कोणाला मारत नाय. रेघ माजी होती."

विमान जमिनीला टेकेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

आता त्या चुकीकडे येतो, कारण चूक एक झालीच होती आणि ती लपवून मला काही जिंकायचं नाही. तेव्हा गोडं पाणी ट्रकवरून डब्यांनी यायचं. कोणत्या ऑफिसात किती डबे टाकायचे त्याची चिठ्ठी रोज ट्रकवाल्या बलुच ड्रायव्हरला द्यायची. १९६० च्या उन्हाळ्यात एकदा कारकून रजेवर होता, म्हणून चिठ्ठी मामूंनी लिहिली. नकाशावर मामूंचा हात इंग्रजी आकड्यांचा. पण ही घाईघाईची चिठ्ठी होती, आणि मनात मोजणी आपल्या भाषेत चालते. मामूंनी लिहिलं ४. ड्रायव्हरने वाचले आठ. आठ डबे येऊन दारात उभे राहिले. ठेवायला जागा नाही, परत न्यायला तो तयार नाही. शेवटी सगळ्या ड्रॉइंग ऑफिसने त्या दिवशी गोड्या पाण्याने पाय धुतले. सगळ्यांत जास्त हसले ते मामूच.

साहेबाने विचारलं, झालं काय? आणि मामूंनी, माझ्या भोळ्या मामूंनी, त्याला कागदावर काढून दाखवलं. "बघा सर. आमच्या चारचं तोंड उघडं. तुमच्या आठचं तोंड बंद. बाकी दोघं भाऊ." साहेबाला फार मजा वाटली. त्याने तो कागद घडी करून खिशात घातला.

तोच कागद त्याने आठ-नऊ महिन्यांनी बाहेर काढला.

त्या गुरुवारी नव्या ऑफिसचं उद्घाटन होतं. थंड हवेची मशीन बसवली होती, चहा-केक होता, साहेबाच्या केबिनमधलं विमानाचं चित्र भिंतीवर आणून टांगलं होतं. साहेब बोलायला उठला. त्या विमानाची गोष्ट त्याने आधीही पुष्कळदा सांगितली होती. दर वेळी शेवट एकच: इंजिन मिळालं नाही. मी स्वतः दोनदा ऐकली होती. त्या दिवशी शेवट बदलला. तो म्हणाला, हे विमान का झालं नाही ठाऊक आहे? एका ट्रेसरमुळे. चिलखताचा पत्रा चार मिलिमीटरचा हवा होता. ट्रेसरने आपल्या भाषेतला चार काढला, वरच्या ऑफिसने तो आठ वाचला, वजन दुप्पट धरलं आणि निकाल दिला की हे जमिनीवरून उठणारच नाही. मग त्याने फळ्यावर खडूने ४ काढला, शेजारी 8 काढला, आणि म्हणाला, "तो गृहस्थ आज आपल्यातच आहे."

हशा पिकला.

मी मागे उभा होतो. फिटर, वेल्डर, इंग्रजी न कळणारी आपली माणसं माझ्याभोवती. "क्या बोला? क्या बोला?" आणि मी, पत्रकं लिहिणारा शहाणा, त्यांना हिंदीत सांगितलं, "बोला, इनके चार ने हवाई जहाज उड़ने से पहले गिरा दिया." ते हसले. मीही हसलो. मला वाटलं, खरंच असं झालं असेल. मामू खिडकीपाशी उभे होते. सगळे वळून बघताहेत म्हटल्यावर त्यांनीही हसून दाखवलं. ते हसू ज्याने त्यांच्या तोंडावर आणलं त्याला मी माफ करणार नाही, हे इथे लिहून ठेवतो.

का केलं त्याने? हेडक्लार्कने मला पुढच्या आठवड्यात सांगितलं, दार लावून. नव्या ऑफिसात ड्राफ्ट्समनची, म्हणजे ट्रेसरच्या वरची, एक जागा होती. नियमाने ती मामूंची. साहेबाला ती आपल्या एका मित्राच्या नातलगासाठी हवी होती. मामूंना डावलायला कारण पाहिजे, आणि कामात खोट तर निघेना. "मग हसून काढली," हेडक्लार्क म्हणाला. "ज्याच्यावर सगळं ऑफिस हसलं, त्याला वर कोण चढवणार?"

आधी आकडे गेले, मग रेघाही: मामूंना प्रिंट रूममध्ये टाकलं. तिथे अमोनियाच्या वाफेवर नकाशांच्या प्रती काढतात. दिवसभर डोळ्यांतून पाणी. संध्याकाळी मुशैरिब मोहल्ल्यातल्या आमच्या खोलीवर आले की ओला रुमाल डोळ्यांवर टाकून पडायचे. खोलीत आम्ही सहाजण, सगळे कोकणातले. आणि खोलीतही सुटका नव्हती. श्रीवर्धनकडचा एक फिटर होता, जिभेला हाड नसलेला. चहाची किटली घेऊन रोज विचारायचा, "मामू, चा किती ओतू? चार का आठ?"

मामू रुमालाखालून म्हणायचे, "तुज्या अकलेइतका ओत. म्हंजे रिकामाच ऱ्हवंल."

सगळे हसायचे. पण एकदा, त्या फिटरला झोप लागल्यावर, मामू मला म्हणाले, "चार मिलिमीटरच्या पत्र्यानं गोळी थांबते? दगड थांबंल. यडा पण सांगंल, आठच पायजे. मी आठच काढला व्हता." बास, एवढंच. मी उठून बसलो. ऑफिसभर माणसं इंजिनियर म्हणून पगार घेतात आणि हे कोणालाच सुचलं नव्हतं!

१९६२ साली मी रजेवर गावी गेलो. अम्मीला सगळं सांगितलं. ती उठली, लाकडी पेटी उघडली, कपडे बाहेर काढले, आणि तळाला अंथरलेलं एक निळसर कापड उचलून माझ्यापुढे धरलं. त्या गठ्ठ्यातलं एकच पान तिने कधी धुतलं नव्हतं. त्यावर शाई इतकी दाट की निघणार नाही, झबल्याला डाग राहतील, म्हणून पेटीच्या तळाला घातलेलं. पायलटच्या खुर्चीचा छेद होता तो, मधोमध कापून दाखवल्यासारखा. चिलखताची टोपली, बाण, आणि बाणापाशी आकडा. एकदा नाही, पाच ठिकाणी. इंग्रजी आठ. तोंड बंद. कोपऱ्यात मामूंची आद्याक्षरं आणि त्याखाली 'तपासलं' म्हणून साहेबाची सही.

समजलं ना? आठ त्याने स्वतः तपासून सही केलेला होता.

मी ते पान कपड्यांत गुंडाळून दोह्याला आणलं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर खोलीतल्या चटईवर पसरलं. सगळे गुडघ्यावर बसून बघत होते. श्रीवर्धनच्या फिटरने अंगठ्याने आठाचा वरचा गोल चाचपला. "ह्याचं तोंड तर शिवलेलं हाय," तो म्हणाला. किटली उचलली. मग म्हणाला, "मामू, चा मी करतो. मोजून नाय घालत." त्याच्या परीने ती माफी होती.

मामूंना आठाचं काहीच नव्हतं. ते टोपलीच्या वळणावरून बोट फिरवत होते, शाईला न लावता, एक बोटभर वरून. "हा वळसा बघ. एका दमात मारलेला."

शनिवारी मी त्यांना ओढूनच साहेबाच्या केबिनमध्ये नेलं. पान मामूंनी बरोबर घेऊ दिलं नाही. मी साहेबाला सांगितलं, असं असं पान आहे, तुमची सही आहे, तुम्ही ऑफिससमोर उभं राहून चूक दुरुस्त करा आणि मामूंना त्यांची जागा द्या. साहेब रागावला नाही. त्याने उठून दार लावलं. मग माझ्याकडे न बघता, मामूंशी अगदी हळू आवाजात बोलला. ते लढाईतलं गुप्त पान आहे. ते कारखान्याबाहेर कसं गेलं? त्याला चोरी म्हणतात. आणि ते इतकी वर्षं होतं कोणाच्या घरी? तुम्हाला एक बहीण आहे, नाही का?

मी म्हणालो, "रद्दी म्हणून तुम्हीच वाटलंत ते!"

"याचा तुमच्याकडे कागद आहे?" त्याने विचारलं. मग मामूंना म्हणाला, "तुम्ही विसरा, मी विसरतो."

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी मासळी आणायला बंदरावर गेलो. परत आलो तर अंगणात मामू उकिडवे बसलेले, पुढे बादली, बादलीत वाफाळतं पाणी आणि पाण्याला निळा-काळा रंग. हातात कापड. ते चोळत होते, पिळत होते, परत बुडवत होते.

"मामू! मामू, काय केलंत हे!"

"आवाज करू नको."

"तो एकच पुरावा होता! तुमचाच होता!"

"आणि तुज्या अम्मीला पोलिसात उभी करू?" त्यांनी वर बघितलं. डोळे लाल होते, पण ते अमोनियाने रोजच असायचे, त्यावरून काही सांगता येत नाही. "खलास. आता कोणाचं काय नाय."

त्यांनी ते झटकून दोरीवर टाकलं. दोह्याच्या उन्हात कापड वाळायला कितीसा वेळ लागतो? दुपारच्या जेवणाआधी दोरीवर एक पांढरं फडकं होतं. श्रीवर्धनचा फिटर दारात उभा राहून बघत होता आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

मी गप्प बसलो नाही. ऑफिसच्याच सायक्लोस्टाइलवर एक पत्रक काढलं, मराठीत नाही, हिंदीत आणि इंग्रजीत, आणि कँटीनमध्ये वाटलं. दुसऱ्या दिवशी मला घालवलं. मला त्याचं काही वाटत नाही. आता दुसऱ्या एका दुकानात हिशेबनीस आहे. पण पत्रक वाचून जो तो एकच विचारायचा: पान कुठे आहे?

साहेब गेल्या वर्षी निवृत्त होऊन मायदेशी गेला. जाऊन स्वस्थ बसला असता तर कदाचित मीही थंड झालो असतो. पण त्याने तिकडच्या एका इंजिनियरांच्या मासिकात लेख लिहिला. आपल्या न झालेल्या विमानाचा, चित्रासकट. त्यात ती हकीकत आहे. ४ आणि 8 शेजारी शेजारी छापलेत. कंपनीने लेखाचं कात्रण मागवून प्रिंट रूमबाहेरच्या फळ्यावर लावलं. मामू आत जाताना रोज त्याखालून जातात.

मी मासिकाच्या संपादकाला पत्र पाठवलं. मला वाटलं होतं उत्तर येणार नाही. आलं. सभ्य माणूस दिसतो. म्हणतो, तुमच्या म्हणण्यात तथ्य असू शकेल, दुरुस्ती छापायची माझी तयारी आहे. पण ते पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला, तुमच्या कुटुंबाबाहेरचा कोणी आहे का? त्याने लिहून सही करून द्यावी.

आहेत ना! चौघे आहेत! मी श्रीवर्धनच्या फिटरला गाठलं. "लिहून दे."

"देतो ना भाच्या. नोकरी आडवी नाय आली तर देतो."

"कधी?"

"इन्शाल्ला."

त्या इन्शाल्लाला आता चार महिने झाले. उरलेल्या तिघांपैकी एक कुवेतला आहे, एक बहरीनला, एक नोकरी सोडून खेडकडे आपल्या घरी बसला आहे. तिघांनाही पत्रं गेली. एकाचंच उत्तर आलं, त्यात माझी तब्येत विचारली आहे.

मला कोणाची हळहळ नको. मामू बिचारे, असं म्हणणाऱ्यांची दोह्यात कमी नाही. मला पाहिजे की त्या माणसाने सकाळी चहा घेता घेता ते मासिक उघडावं आणि त्याच टाइपात, त्याच पानावर वाचावं की तो खोटं बोलला. त्याच्या शेजाऱ्यांनी वाचावं. त्याच्या क्लबात कोणीतरी ते मोठ्याने वाचावं आणि लोकांनी वळून त्याच्याकडे बघावं. आणि मामूंच्या डोळ्यांना दिसतंय तोवर ते व्हावं. आता ते रेघ बोटाने चाचपून बघतात.

म्हणून तुम्ही, जे त्या शुक्रवारी आमच्या चटईवर गुडघे टेकून बसला होतात: कागद घ्या. काय पाहिलंत ते लिहा. आठाचं तोंड उघडं होतं की बंद, एवढंच. खाली पूर्ण नाव घालून सही करा आणि टपालात टाका. आणि तुम्ही, जे तिथे नव्हता, पण त्या चौघांपैकी कोणाला ओळखता, कोणाच्या शेजारी राहता, कोणाच्या घरी ईदला जाता: आज त्याच्या घरी जा, त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवा, आणि सही झाल्याशिवाय तिथून उठू नका.